राजपुत्राने न पाहिलेली सिंड्रेला : परीकथा आणि रीजन्सी प्रणयकादंबरी यांचा तौलनिक विचार

१. प्रास्ताविक

ज्या साहित्यकृती अभ्यासक्रमात सहसा प्रवेश करीत नाहीत, पण वाचनालयाच्या कपाटात मात्र कधी स्थिर राहत नाहीत, अशा कृतींमध्ये ऐतिहासिक प्रणयकादंबरीची गणना करावी लागते. इंग्रजीतील ‘रीजन्सी प्रणयकादंबरी’ हा या प्रकाराचा एक ठळक उपप्रकार होय. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचे लंडन, उमरावांचे वाडे, नृत्यसमारंभ, विवाहजुळणी आणि या सर्वांवर पसरलेला खेळकर विनोद ही त्याची परिचित लक्षणे. या उपप्रकाराने परीकथांचा, आणि त्यातही सिंड्रेलाच्या कथेचा, वारंवार आधार घेतला आहे. सामान्यतः या आधाराची समीक्षा एका वाक्यात संपते : दोन्हींत स्वप्नपूर्ती आहे, म्हणून दोन्ही एकाच जातीच्या.

हे विधान चुकीचे नाही, पण अपुरे आहे. परीकथेचा आराखडा घेताना कादंबरीकाराला त्या आराखड्यातील एक मोकळी जागा भरून काढावी लागते, आणि ती कशी भरली जाते यावरच कृतीचे मोल ठरते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी जॉर्जेट हेयर यांची ‘ॲराबेला’ (१९४९) आणि ज्यूलिया क्विन यांची ‘ॲन ऑफर फ्रॉम अ जेंटलमन’ (२००१) या दोन कादंबऱ्या निवडल्या आहेत. दुसऱ्या कादंबरीने सिंड्रेलाचे कथानक उघडपणे स्वीकारले आहे. पहिलीत ते आडून येते, आणि काही ठिकाणी उलटे होऊन येते. दोन्हींचा सूर हलकाफुलका आहे. हा सूर आणि त्याखालचा आशय यांचे नाते तपासणे, हा या विवेचनाचा दुसरा हेतू.

२. मूळ कथा आणि तिच्यातील मोकळी जागा

राखेजवळ बसणाऱ्या मुलीची कथा अनेक देशांत आढळते. मॅरियन रोल्फ कॉक्स यांनी १८९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संग्रहातच तिची ३४५ रूपे एकत्र केलेली आहेत, आणि लोककथांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तिला ५१०-अ हा क्रमांक मिळालेला आहे. युरोपीय साहित्यात मात्र तीन लिखित पाठ विशेष प्रभावी ठरले : जाम्बात्तिस्ता बासीले यांचा १६३४ ते १६३६ या काळात छापला गेलेला नेपल्सच्या बोलीतील पाठ, शार्ल पेरो यांचा १६९७ चा फ्रेंच पाठ आणि ग्रिम बंधूंचा १८१२ चा जर्मन पाठ.

भोपळ्याचा रथ, परी असलेली धर्ममाता, मध्यरात्रीची मुदत आणि काचेचा बूट ही आज सर्वांना आठवणारी सामग्री पेरो यांच्या पाठातील आहे. ग्रिम बंधूंच्या पाठात परी नाही. तेथे आईच्या थडग्यावर वाढलेले झाड आहे, आणि त्या झाडावरचा पक्षी मुलीला वस्त्रे देतो. म्हणजे एका पाठात मदत वरच्या, वजनदार व्यक्तीकडून येते, तर दुसऱ्यात ती मृत आईच्या मायेतून येते. हा भेद पुढील विवेचनात उपयोगी पडणार आहे.

पेरो हे चौदाव्या लुईच्या कारकीर्दीत कोलबेर या मंत्र्याच्या हाताखाली काम केलेले अधिकारी होते. दरबाराची रीत त्यांना आतून ठाऊक होती. आपल्या कथेच्या शेवटी त्यांनी दोन तात्पर्ये जोडली आहेत. पहिले अपेक्षित आहे : सौंदर्यापेक्षा शालीनतेचे मोल अधिक. दुसरे तात्पर्य मात्र वाचकाला डोळा घालून सांगितल्यासारखे आहे. बुद्धी, धैर्य, कुलीनता हे सगळे गुण असले तरी पाठीशी धर्ममाता किंवा धर्मपिता नसेल तर त्यांचा उपयोग नाही, असा त्याचा आशय. ज्याला आपण नेहमीच्या बोलण्यात ‘वशिला’ म्हणतो, त्याचीच ही कबुली आहे. परीची छडी म्हणजे दरबारी वशिल्याचे काव्यमय रूप, हे पेरो यांनी स्वतःच सुचवून ठेवले आहे.

आता मोकळ्या जागेकडे वळू. पेरो यांच्या कथेत बूट घेऊन घरोघर फिरतो तो राजपुत्र नव्हे, त्याने पाठविलेला एक सरदार. बूट पायात बसतो, सिंड्रेला दुसरा बूट काढून दाखविते, आणि त्याच क्षणी परी येऊन तिचे कपडे पूर्वीपेक्षाही झगझगीत करते. त्यानंतरच तिला राजपुत्राकडे नेले जाते. याचा अर्थ असा की राजपुत्राने सिंड्रेलाला राखेत कधी पाहिलेलेच नाही. ज्या रूपावर तो भाळला त्याच रूपात ती पुन्हा त्याच्यासमोर उभी राहते. ग्रिम यांच्या पाठात राजपुत्र स्वतः घरी येतो आणि तिचा चेहरा पाहून तिला ओळखतो, पण त्याआधी तीही हात-तोंड धुऊन येते. चुलीजवळची मुलगी आणि नृत्यशाळेतील राजकन्या या दोघी एकच, हे राजपुत्राला कळले असते तर त्याने काय केले असते, हा प्रश्न दोन्ही पाठ विचारीत नाहीत. परीकथेला तो विचारण्याची गरजही नसते, कारण तेथे वस्तूची साक्ष पुरेशी असते. कादंबरीला मात्र पात्रांचे मन दाखवायचे असते, म्हणून तिला हा प्रश्न टाळता येत नाही.

३. रीजन्सी काळ : जादूची जागा घेणारे नियम

तिसरा जॉर्ज हा राजा मानसिक आजारामुळे राज्यकारभारास असमर्थ ठरल्यावर फेब्रुवारी १८११ मध्ये त्याच्या थोरल्या मुलाने राजप्रतिनिधी म्हणून सूत्रे हाती घेतली. जानेवारी १८२० मध्ये राजाचा मृत्यू झाला आणि ही व्यवस्था संपली. राजप्रतिनिधीच्या या नऊ वर्षांवरून ‘रीजन्सी’ हे नाव आले. जेन ऑस्टिन यांच्या कादंबऱ्याही १८११ ते १८१७ या काळातच प्रसिद्ध झाल्या. त्यांपैकी ‘मॅन्सफील्ड पार्क’ (१८१४) मध्ये श्रीमंत नातेवाइकांच्या घरी वाढणारी, थंड खोलीत राहणारी फॅनी प्राइस ही सिंड्रेलाच्या जातीचीच नायिका आहे. तेथे परी नाही, आणि सावत्र आईचे काम मावशी करते. परीकथेतून जादू वजा केली की काय उरते, याचा पहिला मोठा नमुना असा त्याच काळात तयार झाला होता.

हेयर (१९०२-१९७४) यांनी ‘रीजन्सी बक’ (१९३५) पासून या कालखंडावर कादंबऱ्या लिहिल्या आणि आज परिचित असलेला रीजन्सी प्रणयकादंबरीचा घाट सिद्ध केला. हा काळ परीकथेला इतका मानवतो याचे कारण त्याच्या नियमबद्धतेत आहे. परीकथेतील जादूला नियम असतात : बारा वाजेपर्यंतच रथ, अमुक अटीवरच वस्त्रे. रीजन्सी समाजालाही असेच कठोर आणि वरकरणी निरर्थक वाटणारे नियम होते. लंडनच्या किंग स्ट्रीटवरील ‘ऑल्मॅक्स’ या नृत्यगृहाचे उदाहरण घेता येईल. १७६५ मध्ये सुरू झालेल्या या स्थळी नुसता पैसा असून प्रवेश मिळत नसे. काही उच्चकुलीन स्त्रियांची समिती ज्यांना परवाना देईल त्यांनाच तेथे जाता येई, आणि रात्री अकरानंतर कोणालाही आत घेतले जात नसे. धर्ममातेची कृपा आणि घड्याळाची मुदत, या दोन्ही गोष्टी समाजाने अशा रीतीने प्रत्यक्षात उतरविलेल्या होत्या.

याहून खोल परिणाम कायद्याचा होता. १७५३ च्या विवाहकायद्यानुसार एकवीस वर्षांखालील व्यक्तीने परवाना काढून विवाह करावयाचा तर पालकांची संमती आवश्यक होती. स्कॉटलंडला तो कायदा लागू नसल्यामुळे पळून जाणारी जोडपी सीमेपलीकडील ग्रेटना ग्रीन गाठीत. विवाहानंतर स्त्रीची जंगम मालमत्ता पतीची होई. अनौरस मूल कायद्याच्या दृष्टीने ‘कोणाचेच नव्हे’ असे होते. त्याला वारसाहक्क नव्हता, आणि पुढे आईबापांनी विवाह केला तरी ते औरस ठरत नसे. इंग्लंडमधील ही शेवटची तरतूद १९२६ पर्यंत टिकली. भोपळा पुन्हा भोपळा होतो तो या कायद्यामुळे. त्याला मध्यरात्रीच्या ठोक्यांची आवश्यकता उरत नाही.

४. ‘ॲराबेला’ : काजळीतील मूल

यॉर्कशरमधील एका धर्मोपदेशकाच्या मोठ्या कुटुंबातील ॲराबेला टॅलंट ही मुलगी लंडनला आपल्या धर्ममातेकडे, लेडी ब्रिडलिंग्टनकडे, निघते. तिचा चांगला विवाह झाल्यास धाकट्या बहिणींचीही सोय होईल, अशी घरच्यांची अपेक्षा आहे. धर्ममाता येथे शब्दशः धर्ममाता आहे : बाप्तिस्म्याच्या वेळची. तिच्याकडे छडी नाही, पण लंडनमध्ये घर आहे आणि ओळखीपाळखी आहेत. पेरो यांचे दुसरे तात्पर्य हेयर यांनी जणू कथानकाची पहिली अट म्हणून स्वीकारले आहे.

मात्र मुलीची वस्त्रे धर्ममातेकडून येत नाहीत. ती आईच्या जुन्या पेट्यांतून, पूर्वीच्या रेशमी कापडांतून बेतली जातात. ग्रिम यांच्या कथेतील आईचे झाड ते हेच. ब्रिटनमधील युद्धकालीन कपड्यांचे नियंत्रण मार्च १९४९ मध्ये उठले आणि ही कादंबरी त्याच वर्षी प्रसिद्ध झाली, हे लक्षात घेतले म्हणजे जुन्या पेटीतून निघणाऱ्या रेशमाचे तपशीलवार वर्णन तत्कालीन वाचकांना किती जवळचे वाटले असेल याची कल्पना येते.

प्रवासात गाडी मोडते आणि ॲराबेलाला रॉबर्ट बोमॅरिस या अतिश्रीमंत गृहस्थाच्या शिकारीच्या निवासस्थानी आश्रय घ्यावा लागतो. हा अपघात म्हणजे आपल्या पैशासाठी मुलीने रचलेली युक्ती आहे, असे तो आपल्या मित्राला सांगत असताना ती ऐकते. तिचा अभिमान दुखावतो आणि रागाच्या भरात ती स्वतःला अमाप संपत्तीची वारसदार म्हणून सादर करते. सिंड्रेलाचे सोंग येथे नायिका स्वतःच घेते, आणि तेही राजपुत्राला मिळविण्यासाठी नव्हे, त्याला धडा शिकविण्यासाठी. बोमॅरिसला हे सोंग पटत नाही, पण गंमत म्हणून तो तिला लंडनच्या समाजात प्रतिष्ठा मिळवून देतो. ती श्रीमंत असल्याची आवई त्याच्या मित्राच्या तोंडून पसरते आणि स्थळांची रांग लागते. आता खरे सांगावे तर नाचक्की, न सांगावे तर फसवणूक, अशा पेचात नायिका सापडते.

या कादंबरीचे मर्म एका वरकरणी आडवळणाच्या प्रसंगात आहे. धुराडी साफ करणारा एक लहान मुलगा चुकून ॲराबेलाच्या खोलीच्या धुराड्यातून खाली येतो. त्याच्या अंगावर काजळी आहे, भाजल्याच्या खुणा आहेत. धर्ममाता किळसते. ॲराबेला मात्र सगळे सोंग विसरते. गावातील दुखणेकऱ्यांची विचारपूस करीत वाढलेली धर्मोपदेशकाची मुलगी तिच्यातून बाहेर येते. ती त्या मुलाच्या मालकाला खडसावते आणि तेथे भेटीस आलेल्या बोमॅरिसच्या गळ्यात त्या पोराची जबाबदारी घालते. ज्याच्या टापटिपीची लंडनभर नक्कल होते असा हा गृहस्थ काजळीने माखलेले मूल घेऊन परततो, यात भरपूर विनोद आहे. पण त्याच प्रसंगात तो नायिकेला प्रथमच तिच्या खऱ्या रूपात पाहतो. राख तिच्या अंगावर नाही, तिने हाती घेतलेल्या मुलाच्या अंगावर आहे. पेरो यांच्या राजपुत्राला जे दृश्य दिसू दिलेले नव्हते ते हेयर यांनी आपल्या नायकाला असे दाखविले आहे.

या प्रसंगाला इतिहासाचा भक्कम आधार आहे. आठ वर्षांखालील मुलांना या कामावर ठेवू नये असा कायदा १७८८ मध्येच झालेला होता, पण त्याची अंमलबजावणी जवळजवळ होत नसे. ही प्रथा प्रभावीपणे बंद पडायला १८७५ चा कायदा यावा लागला. हेयर या प्रश्नाचे प्रवचन करीत नाहीत. मात्र झगमगाटाच्या घरांमधील शेकोट्या कोणाच्या जिवावर धगधगत होत्या, हे वाचकाला हसता हसता दिसते.

पुढे भावाच्या जुगारातील कर्जासाठी ॲराबेला बोमॅरिसचा विवाहप्रस्ताव स्वीकारते आणि अपराधाच्या जाणिवेने खचते. त्याला सर्व ठाऊक आहे, तो तिच्या आईवडिलांना भेटूनही आला आहे, हे तिला अखेरीस कळते. तेव्हा येथील उत्कंठा नायक तिला ओळखील का, ही नाहीच. आपल्याला ओळखले गेले आहे यावर ती केव्हा विश्वास ठेवील, ही आहे. ओळखीचा भार नायकावरून नायिकेकडे सरकला आहे.

५. ‘ॲन ऑफर फ्रॉम अ जेंटलमन’ : हातमोजा असूनही न पटलेली ओळख

क्विन यांची कादंबरी ब्रिजर्टन घराण्यावरील मालिकेतील तिसरी. २००० ते २००६ या काळात प्रसिद्ध झालेल्या या आठ कादंबऱ्यांना डिसेंबर २०२० पासून दाखविल्या गेलेल्या दूरचित्रमालिकेमुळे नवा वाचकवर्ग मिळाला. सोफी बेकेट ही एका अर्लची अनौरस मुलगी. घरात तिला अर्लच्या पालकत्वाखालील मुलगी म्हणून ओळखतात. अर्लच्या मृत्यूनंतर त्याची पत्नी अरामिंटा तिला घरात ठेवते ते मायेपोटी नव्हे. सोफीला सांभाळल्यास आपले वर्षासन वाढते, अशी मृत्युपत्रातील अट तिला पाळायची असते. सावत्र आईचा दुष्टपणा येथे मृत्युपत्राच्या कलमावर उभा आहे, हा बदल लक्षणीय आहे. परीकथेतील आई दुष्ट असते कारण ती सावत्र असते. कादंबरीतील आईच्या वागण्याला हिशेब असतो.

१८१५ सालच्या एका मुखवट्यांच्या नृत्यसमारंभाला सोफी चोरून जाते. तिला सजविणारी परी म्हणजे घराची व्यवस्था पाहणारी बाई आणि इतर नोकरचाकर, आणि तिची वस्त्रे अर्लच्या घराण्यातील जुन्या पेटीतली. तेथे बेनेडिक्ट ब्रिजर्टन तिच्यावर भाळतो. मध्यरात्री ती निघून जाते आणि त्याच्या हाती तिचा हातमोजा राहतो. त्यावरील चिन्हावरून तो अरामिंटाच्या घरापर्यंत पोहोचतोही. म्हणजे साक्षीची वस्तू आपले काम चोख करते. पण घरात तो उमरावकन्या शोधत असतो, त्यामुळे शोध तेथेच संपतो. अरामिंटाला खरा प्रकार कळतो आणि ती सोफीला घराबाहेर काढते.

परीकथा जेथे संपायला हवी होती तेथे ही कादंबरी खऱ्या अर्थाने सुरू होते. दोन वर्षांनी सोफी मोलकरीण आहे. मालकांच्या मुलापासून आणि त्याच्या मित्रांपासून तिच्या अब्रूला धोका निर्माण झाला असता बेनेडिक्ट तिला वाचवितो, पण ओळखत नाही. तिच्याविषयी त्याला पुन्हा ओढ वाटते, आणि हाती असलेला हातमोजा आणि समोर उभी असलेली मोलकरीण यांचा संबंध मात्र त्याला लागत नाही.

येथे कादंबरीच्या शीर्षकातील श्लेष स्पष्ट होतो. त्या काळच्या बोलीत सद्गृहस्थाचा ‘प्रस्ताव’ म्हणजे विवाहाचा प्रस्ताव. बेनेडिक्टचा पहिला प्रस्ताव मात्र तिने आपली रखेल म्हणून राहावे असा आहे. तो तिच्यावर प्रेम करतो, आणि तरीही मोलकरणीशी लग्न करता येते ही शक्यता त्याच्या मनात येत नाही. सोफी नकार देते. तिचे कारण तत्त्वाचे असण्याआधी अनुभवाचे आहे : जे बालपण आपल्या वाट्याला आले ते आपल्या मुलाच्या वाट्याला येऊ नये. पेरो यांनी न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असे मिळते. राजपुत्राने तिला राखेत पाहिले असते, तर बहुधा त्याने असाच प्रस्ताव ठेवला असता.

पुढे सोफी बेनेडिक्टच्या आईकडे, व्हायोलेट ब्रिजर्टनकडे, नोकरीस राहते. एके दिवशी मुलांबरोबर आंधळी कोशिंबीर खेळताना तिच्या डोळ्यांवर पट्टी असते, आणि नेमक्या त्या क्षणी बेनेडिक्टला ओळख पटते. हा प्रसंग विनोदी म्हणून वाचला जातो. प्रत्यक्षात तो नायकावरील कठोर टीका आहे. पूर्ण चेहरा दिसत असताना त्याला ती ओळखता आली नाही. अर्धा चेहरा झाकला गेला, मुखवट्यासारखे काही आले, तेव्हाच ती ‘ती’ ठरली. त्याचे प्रेम मुखवट्यावर होते हे लेखिकेने एकही शेरा न मारता दाखवून दिले आहे. त्यानंतर तो संतापतो तेही अर्थपूर्ण आहे : फसवणूक आपली झाली, अशी त्याची समजूत असते.

शेवटाकडे अरामिंटा सोफीवर चोरीचा आळ घालून तिला कोठडीत टाकते. व्हायोलेट तेथे येते आणि सोफीच्या जन्माविषयी समाजाला पचेल अशी एक कथा सर्वांसमक्ष ठरवून टाकते : ती अर्लच्या एका दिवंगत नातेवाइकाची मुलगी. पोझी ही प्रेमळ सावत्र बहीण सोफीची बाजू घेते, आणि सोफीचा हुंडा अरामिंटाने गिळंकृत केल्याचे उघड झाल्यामुळे तिला गप्प बसावे लागते. परीची छडी शेवटी सापडते ती येथे. वजनदार स्त्रीने उच्चारलेले आणि इतरांनी मान्य केलेले असत्य हीच ती जादू. पेरो यांचे दुसरे तात्पर्य तीनशे वर्षांनंतरही कायम आहे.

६. हलकेपणाचे कार्य

या दोन्ही कृतींचा हलकाफुलका सूर म्हणजे आशयाची उणीव, असे मानण्याचा मोह होतो. मराठीत ना. सी. फडके यांच्या कादंबऱ्यांच्या निमित्ताने ‘रंजन’ आणि ‘जीवनदर्शन’ यांची जी फारकत केली गेली, तिचा ठसा आपल्या समीक्षादृष्टीवर अद्याप आहे. प्रस्तुत कादंबऱ्यांत विनोद दुहेरी काम करतो. धुराड्यातील मूल, अनौरस जन्म, मोलकरणीवरील अत्याचाराचे भय हे विषय तो वाचकाच्या सुखासीन वाचनात आणून ठेवतो. गंभीर कादंबरी हाती न घेणारा वाचक त्यांना सामोरा जातो. क्विन यांच्या कादंबरीत प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी येणारे लेडी व्हिसलडाउनच्या कुचाळकीच्या पत्रातील उतारे याचे चांगले उदाहरण आहेत. ते हसवितात, आणि समाजाची नजर क्षणभरही मिटलेली नाही याची आठवणही देत राहतात.

त्याच वेळी विनोद सुटकेची वाटही काढून देतो. एक मूल वाचते, बाकीची धुराड्यांतच राहतात. सोफीचे अनौरसपण झाकले जाते, पण अनौरस मुलांना ‘कोणाचेच नव्हे’ ठरविणारा कायदा कोणी प्रश्नांकित करीत नाही. सोफीला सजविणाऱ्या नोकरवर्गाचे पुढे काय झाले, याची कादंबरी फारशी चौकशी करीत नाही. नायिकेला राखेतून उचलले जाते आणि राख तेथेच उरते. ही या प्रकाराची मर्यादा आहे, आणि ती नोंदविल्याशिवाय त्याचे मूल्यमापन पुरे होत नाही.

७. एक मराठी समांतर : पागोट्याची खूण

ओळखीचा हा प्रश्न मराठी वाचकाला अपरिचित नाही. श्रावणी सोमवारच्या शिवामुठीच्या कहाणीत राजाची नावडती सून उष्टे अन्न आणि जाडेभरडे वस्त्र यांवर दिवस काढते. रानात भेटलेल्या नागकन्या-देवकन्यांकडून तिला व्रत मिळते. तुझा देव दाखव, म्हणून घरची मंडळी तिच्यामागून रानात येतात, तेव्हा तिच्या प्रार्थनेने साधे देऊळ सोन्याचे होते. राजा आपले पागोटे खुंटीवर ठेवून तळे पाहायला जातो आणि इकडे देऊळ अदृश्य होते. पागोट्यासाठी राजा परततो तर तेथे लहानसे देऊळ, पिंडी, तिने वाहिलेली पूजा, आणि खुंटीवर पागोटे. सून सांगते, माझा गरिबाचा देव हाच. राजा तिला मानाने घरी आणतो आणि नावडती होती ती आवडती होते.

ही सिंड्रेलाची कथा नव्हे. येथे वर शोधायचा नाही, सासरी स्थान मिळवायचे आहे, आणि मदत व्रतातून येते. तरीही दोन्हींची रचना शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. क्षणभराचे वैभव, त्याचे विरून जाणे आणि मागे उरलेली वस्तू हे तिन्ही घटक दोन्हीकडे आहेत. फरक वस्तूच्या मालकीत आहे. पेरो यांच्या कथेत बूट उरतो तो नायिकेचा आणि परीक्षा होते ती तिच्या पायाची. कहाणीत पागोटे उरते ते राजाचे. वैभव नाहीसे झाल्यावर, गरिबीच्या साक्षीने, ओळख पटवून घ्यावी लागते ती राजाला. ज्याने पाहायला हवे होते त्याचीच येथे परीक्षा आहे. बेनेडिक्टला जी परीक्षा उत्तीर्ण व्हायला कादंबरीचा बराच भाग खर्चावा लागतो, ती कहाणी दोन-चार वाक्यांत घेते.

८. समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. परीकथेवर आधारलेली रीजन्सी प्रणयकादंबरी जादूच्या जागी कायदा, वशिला आणि पैसा यांची स्थापना करते, आणि तसे करताना ती मूळ कथेपासून दूर जात नाही. पेरो यांच्या दरबारी कथेत सुप्त असलेला अर्थ ती प्रकट करते. मूळ कथेत राजपुत्राने नायिकेला राखेत पाहिलेले नाही, आणि ते दृश्य त्याला दाखविणे हे कादंबरीचे खास कार्य ठरते. हेयर यांचा नायक ते पाहतो आणि बदलतो. क्विन यांचा नायक पाहूनही बराच काळ पाहत नाही. त्यामुळे दुसरी कादंबरी परीकथेला अधिक जवळची असूनही तिच्यावर अधिक तीव्र टीका करते.

लोकप्रिय साहित्य वर्गात शिकवावे की नाही, या वादात प्रस्तुत लेखाला पडायचे नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आदिबंध, आशयसूत्र, रूपांतर या संकल्पना शिकविताना अशा कृतींचा उपयोग होऊ शकतो, एवढे मात्र निश्चित. शिवाय, समीक्षकालाही या कथेत एक प्रश्न विचारलेला आहे. साहित्यकृती प्रतिष्ठित वस्त्रांत आली म्हणजे आपण तिला ओळखतो. तीच साध्या वस्त्रांत, स्वस्त बांधणीत, हसऱ्या चेहऱ्याने समोर आली असता ओळखतो का? हातमोजा हाती असूनही बेनेडिक्टला जे जमले नाही, ते आपल्याला जमावे अशी अपेक्षा ठेवायला हरकत नाही.